गळ्यावरचा हात

भामाबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. गौलीगुड्याच्या घरात आम्ही दोघी एका चुलीवर नांदलो. कुणाच्या लुगड्याचा, कुणाच्या पाटल्यांचा त्यांना हेवा वाटलेला मी पाहिला नाही. जन्मात हेवा केला तो एकाच बाईचा, पण तो अगदी पोटभर केला.

त्यांची सरोज जन्माची बहिरी. चौथं लागल्यावर तिला जामबागेत पद्मावतीबाईंच्या वर्गात घातलं. एका शाळेच्या मागच्या पडवीत शाळेचं वय न झालेली पाच-सहा पोरं बसत. कुणी बहिरं, कुणी पायानं अधू. बाई बहिऱ्या पोराचा हात आपल्या गळ्यावर ठेवून बोलायच्या. बोलताना गळा थरथरतो, ते हाताला कळतं. मग तोच हात पोराच्या गळ्यावर ठेवून त्याच्याकडून आवाज काढवायच्या.

जाऊबाईंनी ते दारातून पाहिलं आणि घरी आल्या त्या कुणाशी बोलेनात. संध्याकाळी वांगी चिरता चिरता मला म्हणाल्या, "नऊ महिने पोटात मी वागवली. आणि हात त्या बाईच्या गळ्यात. माझ्या गळ्याला कधी लावला नाही मेलीनं."

घरीसुद्धा उजेडाकडे तोंड करून पोरीशी बोलत जा, असं बाईंनी सांगून पाठवलं होतं. जाऊबाईंनी ते मनावर घेतलं नाही. तिला ऐकू येत नाही तर बोलू कुणाशी, असं त्यांचं म्हणणं. पोरीनं बोट दाखवायच्या आत त्या पाण्याचा पेला पुढे करायच्या. बाईंनी दिलेला रंगीत चिंध्यांचा चेंडूही त्यांनी फडताळावर टाकून दिला.

ते निजामाचं जुनं संस्थान भाषांप्रमाणे तोडून वाटायचे दिवस होते. कचेऱ्यांतून कोण इथं राहणार आणि कोण मुंबई राज्यात जाणार, याची विचारपूस चालली होती. थोरल्या भावजींना, अनंतरावांना, सरोजच्या वर्गासाठी इथंच राहायचं होतं. जाऊबाईंनी मुंबई राज्यात जाणाऱ्या औरंगाबादचा हट्ट धरला. तिथं असा वर्ग नाही, हे भावजींनी परोपरीनं सांगितलं.

"नसू दे," जाऊबाई म्हणाल्या. "तिथं तिला आईच पुरे."

शेवटी भावजी थकले. दसरा झाला की कचेरीला औरंगाबाद कळवतो, म्हणाले.

दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून पूजा मांडली. आमच्या सासूबाईंची शिस्त अशी, की देवाचं म्हणायचं ते मनात, ओठ हलवायचे नाहीत. जाऊबाईंनी सरोजला मांडीवर घेतलं, तिचा हात धरून पाटीवर फूल वाहिलं आणि डोळे मिटून स्तोत्र सुरू केलं. सरोजनं वळून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात त्यांच्या गळ्यावर ठेवला.

जाऊबाईंनी डोळे उघडले. पण स्तोत्र अर्धवट सोडवेना आणि मोठ्यानं म्हणवेना. पोरीनं हात दाबून पाहिला, पुन्हा दाबला. गळा गप्प. मग ती उठून माझ्याकडे आली. मी भावजींना निरांजन मागत होते. तिनं माझ्या गळ्याला हात लावला आणि खुदकन हसली.

जाऊबाईंची नजर अशी, की मला वाटलं, आता आपल्याशीही अबोला. पण त्यांनी सरोजला ओढून पुन्हा मांडीवर घेतलं, तिचा हात आपल्या गळ्यावर घट्ट धरला आणि पूजा सुरू असतानाच मोठ्यानं म्हणाल्या, "सरोज. सरोज."

पोरीनं दुसरा हात आपल्या गळ्याला लावला. तिच्या तोंडून काहीतरी घोगरं निघालं. ते नाव नव्हतं, पण आवाज होता, आणि तो आईकडे बघून काढलेला होता.

 आरती झाल्यावर जाऊबाई भावजींना म्हणाल्या, "अहो, इथलंच कळवा."

"आणि ती बाई?"

"ती मला आवडायची नाही. पण मी रोज तिथं जाऊन बसणार. तिला येतं ते सगळं मला आलं पाहिजे."

तशा त्या रोज गेल्या, सरोज मोठ्या शाळेत जाईपर्यंत. बाईंच्या हाताखाली इतर पोरांचंही करू लागल्या. हेवा मात्र गेला नाही. पोरीचा हात बाईंच्या गळ्याकडे निघाला, की जाऊबाई हातातलं काम टाकून आपली मान पुढे करायच्या.