आधी माणसं उतरवा

लातूर नवा जिल्हा झाला, त्या दुष्काळी दिवसांत अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिथल्या दवाखान्यात नेताना आमची जुनी मोटार चाकूरच्या पुढं बंद पडली. अण्णांना धाप लागली होती. रस्त्याकडेच्या खोपटातून एक म्हातारा मिस्त्री आला.

"पॉइंटवर धूळ बसली, मालक. ठिणगीच पडंना." काडीपेटीच्या खरबरीत कडेनं त्यानं पॉइंट घासले, फुंकर मारली, वायरी चाचपल्या. मग हात पुसत म्हणाला, "आता माणसं उतरवा."

"अहो, त्यांना श्वास घेता येईना! मारा सेल्फ!"

"उतरवा. न्हाईतर मी हात लावत न्हाई."

चरफडत मी आणि आईनं अण्णांना उचलून बाभळीखाली नेलं. त्यांचे ओठ निळे पडत होते. पाणी कुठंच नव्हतं, म्हणून मिस्त्रीनं बोनेटपाशी दोन घमेली माती आणून ठेवली. आम्हा तिघांना बोटांवर मोजलं, चारी दारं सताड उघडली आणि एकटाच आत बसला. चावी फिरवण्याआधी त्यानं पुन्हा एकदा बाभळीखाली बघून घेतलं.

इंजिन सुरू झालं. अण्णांना आत घेताना मी विचारलंच, "एवढं कशाला भ्यायचं?"

तो घमेल्यातली माती ओतत राहिला. "असंच एकदा ठिणगी बघत होतो. खाली पेट्रोल गळत होतं, ध्यान न्हाई गेलं. गाडीच्या मालकिणीला म्हणलो, मारा सेल्फ. लेकरं मागं बसली होती."

लातूर येईपर्यंत आईनं दाराच्या कडीवरचा हात काढला नाही.