श्रावणी सोमवारचं रक्तदान

चिटगुप्प्याच्या सेवा मंडळानं श्रावणातल्या सोमवारी महादेवाच्या देवळातच रक्तदान शिबिर ठेवलं. पापड लाटून घर चालवणारी सुगलाबाई मंडळाची एकही सभा चुकवत नसे; पाहुण्यांची भाषणं ती मान हलवत ऐके. पहिल्या बाळंतपणात कुण्या अनोळखी माणसाच्या रक्तावर ती वाचली होती. ते फेडायचं म्हणून दर शिबिरात रांगेत उभी राही आणि अंगात रक्त कमी म्हणून माघारी येई. यंदा तपासणीत रक्त पुरेसं निघालं.

"अक्का, सकाळी काय खाल्लंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सोमवार हाय की. उपास."

"मग न्हाई घेता येत. जेवून या."

मागच्या बायाही उपाशीच. सुगलाबाई मंडळाच्या अध्यक्षांवर, गुंडेरावांवर घसरली, "अण्णा, सोमवारच कामून धरलाव?"

"देवळात माणसं जमतात म्हणून!"

"जमलीत की. सगळीच उपाशी!"

हा उपासही त्याच बाळंतपणातला नवस. मग तिला वाचवलं कुणी, महादेवानं का त्या माणसानं? पिंडीपुढं ती बराच वेळ हात जोडून उभी राहिली. शेवटी घरी जाऊन तिनं भाकरी खाल्ली. परत येऊन रक्त दिलं.

नर्सनं बिस्किटं पुढं केली.

"नको गं, सोमवार हाय माझा," ती बोलून गेली, आणि नर्सइतकीच स्वतःही गोंधळून बसली.