एकटं, मिसळलेलं, झालेलं

हिर्डोशीत आमच्या टाकीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकणारा पाणीवाला कुठलीही वस्तू आधी हुंगतो, मग तिची वर्गवारी सांगतो. लोखंडाचा खिळा एकटा. भेळ मिसळलेली. मीठ झालेलं, म्हणजे दोन गोष्टी मिळून तिसरीच. “मिसळलेलं निवडून परत येगळं करता येतं, काकू. झालेलं निवडता येत न्हाई,” हे तो इतकं सावकाश सांगतो की तोवर भेळ सादळते.

सात वर्षांपूर्वी मी साठीची तरुणी होते आणि मला सगळंच कळत होतं. न्हाणीचे डाग निघेनात म्हणून त्याच्याकडून मागून आणलेल्या पावडरीच्या बादलीत मी फरशीचं ॲसिड ओतलं. दोन औषधं म्हणजे दुप्पट सफाई, हा माझा शोध. पिवळट वाफ उठली, खोकला थांबेना, पाय हलेनात. पलीकडे झोळीत तान्ही नात झोपली होती.

पाणीवाला रस्त्यावरून वासावर धावत आला. आधी नातीला बाहेर नेलं, मग मला दंडाला धरून ओढलं. तोंडाला ओला पंचा बांधून तिसऱ्यांदा आत गेला, खिडक्या उघडायला.

नात रडली, तेव्हा मला वाचा फुटली. “म्या नुसतं मिसळलं रे.”

“मिसळलं न्हाई, काकू. पावडरीत बांधलेला क्लोरीन तुमी एकटा करून सोडला.”

हल्ली तो बोलता बोलता थांबून खोकतो. त्या दिवसाआधी खोकत नव्हता. मी चहा पुढे करते. तो हुंगतो, “मिसळलेला” म्हणतो आणि पितो. माझी नजर कपाच्या वर जात नाही.