दशावताराची लेखी प्रत

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका खोट्या कागदावर सही केली. तो कागद एका नाटकाचा होता, आणि त्या नाटकाला कागदाची मुळीच गरज नव्हती.

आमच्या पेडण्याच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. गोवा मुक्तीनंतरच्या प्रत्येक सभेचं, प्रत्येक मोर्चाचं पत्रक वडिलांनी जपून ठेवलेलं. जनमत कौलाच्या वेळचे गठ्ठे माळ्यावर होते. मुळाक्षरं मी त्यांच्या कोऱ्या पाठीवर गिरवली आणि पुढची बाजू तोंडपाठ केली. त्यामुळे बस धरून म्हापशाच्या कॉलेजात जायला लागले तेव्हा माझी भाषा तयार होती: "बंधू-भगिनींनो" पासून सुरू व्हायची आणि "निर्धार करा" वर संपायची. भाषेचा वाद तेव्हा भरात होता. घटकराज्य व्हायचं होतं, राजभाषा ठरायची होती. मी मराठीच्या बाजूची. वर्गातली निम्मी मुलं कोंकणीच्या बाजूची. एका बाकावर बसून आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो, आणि न बोलण्याचं हे काम दोन्ही बाजूंनी फार मन लावून चाललं होतं.

पण त्याच शहरात संध्याकाळी पाचला तबल्याच्या क्लासात गेलं की हा वाद बाहेर चपलांबरोबर राहायचा. एका शिंप्याच्या दुकानावरची ती खोली. पेटीवर बसायचे ते मास्तर देवळातल्या भजनात वाढलेले. त्यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. व्हायोलिनवाले सर इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, संगीतशाळेत शिकलेले. कागद समोर असल्याशिवाय त्यांचा गज तारेला लागत नसे. मास्तर नाट्यगीत म्हणायचे, सर ते उतरून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी असं वाजवायचे की मास्तर मांडीवर थाप मारून ओरडायचे, "अहो सर, ही माझी हरकत! तुम्हाला कुणी दिली?" सर शांतपणे म्हणायचे, "तूंच काल दिली न्हय?" शुक्रवारच्या बाजाराला आलेली माणसं पिशव्या पायाशी ठेवून जिन्यावर बसून ऐकायची. त्या खोलीत मी जेवढं शिकले तेवढं कुठल्या सभेत शिकले नाही. हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली, ही गोष्ट वेगळी.

कॉलेजच्या कला मंडळाची मी चिटणीस होते. आमचे कार्यक्रम याच खोलीतल्या माणसांवर चालायचे. मग एका कार्यक्रमाची भित्तिपत्रकं कोणत्या भाषेत, यावरून मारामारी झाली. दोन काचा फुटल्या आणि प्राचार्यांनी सभागृहाला कुलूप लावलं.

मला तिथं दशावतार आणायचा होता. माझा मामा पेडण्यातल्या एका दशावतारी मंडळीचा नाईक, म्हणजे प्रमुख. तुयेच्या कारखान्यात पाळीवर काम करायचा आणि जत्रांच्या दिवसांत राजा व्हायचा. शहरातल्या नाट्यस्पर्धेला त्यानं एकदा अर्ज केला होता. संहिता जोडलेली नाही म्हणून अर्ज परत आला. तेव्हापासून कुठल्याही शिकलेल्या माणसासमोर तो आपण नाटक करतो असं म्हणत नसे. "आमी सोंगां काडतंव," म्हणायचा. ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा तरी या मंडळीला दिवसाउजेडी, शिकलेल्या लोकांसमोर उभं करायचंच, असं मी ठरवलं होतं.

प्राचार्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. कडक माणूस, पण ऐकून घेणारा.

"कुलूप काढतो," ते म्हणाले. "पण लेखी प्रत आणा. मी वाचणार. प्रतीबाहेरचं काही रंगमंचावर बोललं जाणार नाही, असं तुम्ही सही करून द्यायचं. भाषेवर एक वाक्य जरी आलं तरी मी पडदा पाडीन. आणि मग दशावतार या सभागृहात पुन्हा नाही."

मी होकार देऊन बाहेर पडले. दशावताराला प्रत नसते हे मला ठाऊक होतं. दुपारी नाईक कथा सांगतो, नट तोंडाला रंग लावता लावता ऐकतात, आणि पुढचा प्रत्येक शब्द ज्याचा त्यानं उभ्या उभ्या काढायचा. पण तोपर्यंत मी हे त्यांचं न्यून समजत होते. लिहून दिलं तर बिचारे आणखी बरं बोलतील, असं मला मनापासून वाटत होतं.

रविवारी मामाच्या घरी गेले. मंडळी सोप्यावर होती. कुणी मुकुटाला बेगड लावत होता, कुणी पाटीतली मासळी सोडून आलेला, हात अजून ओले.

"मामा, लेखी प्रत हवी आहे."

"कसली?"

"नाटकाची. कोण काय बोलणार, ते सगळं लिहून."

सगळे हसले. काळ्या कपड्यांतला विनोदी असुर करणारा नट हळर्णचा शेतकरी. तो म्हणाला, "गो बाय, मी काय बोलतलंय ता माकाच खंय ठावक? तू लिवन काडशी तर माका पयलां तू सांग!"

मामा हसला नाही. "प्राचार्य वाचतलो?" त्यानं विचारलं.

"अथपासून इतिपर्यंत."

"मगे लिव तू." आणि त्यानं मला कथा सांगितली. एका राजाचं राज्य कपटानं जातं, तो अंगावरच्या वस्त्रानिशी वनात निघतो, वगैरे. दहा मिनिटांत संपली.

त्या दहा मिनिटांची मी चाळीस पानं केली. राजाला पल्लेदार वाक्यं दिली, असुराला अगदी बेतानं बोलायला लावलं. आणि राजा वनात निघतो तिथं मी माझं काम करून घेतलं. दीड पानाचं स्वगत घातलं: ज्याची वाणी हिरावली त्याचं राज्य गेलंच समजा, प्रजाजनहो जागे व्हा. हे सरळ आमचं पत्रक होतं, फक्त मुकुट घातलेलं. प्राचार्यांनी सगळं वाचलं, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि सही केली. त्या स्वगताखाली त्यांनी पेन्सिलीनं "छान" असंही लिहिलं. पौराणिक राजाच्या तोंडचं म्हणून त्यांना शंका आली नाही. हमीपत्रावर मी सही केली तेव्हा मला लाज वाटली नाही, उलट आपण फार हुशार आहोत असं वाटलं.

चक्रमुद्रित प्रती घेऊन मी पुन्हा पेडण्याला गेले. मंडळीनं त्या दोन्ही हातांनी घेतल्या. चार दिवसांनी चौकशी केली तर प्रती पेटाऱ्यात, मुकुट आणि मुखवट्यांच्या वर ठेवलेल्या, प्रत्येकीवर हळदकुंकू आणि अबोलीचं फूल.

"वाचल्या नाहीत?" मी रडकुंडीला आले.

"पूजा केली मगे," असुर म्हणाला. "पेटाऱ्यात गेला ता देवाचां. आता उघडून बघूक जाता?"

मी मामाकडे पाहिलं. तो म्हणाला, "भियेव नको. कथा तीच आसा."

कार्यक्रम सकाळी अकराला होता. रंगमंचावर दशावताराचं सगळं सामान: एक बाकडं. तेच सिंहासन, तेच रान, तेच घर. बाजूला पखवाज, पेटी, झांज. सभागृह गच्च भरलं होतं आणि मधोमध वाट सोडून दुभंगलं होतं: डावीकडे आमची मुलं, उजवीकडे त्यांची. क्लासातले पेटीवाले मास्तर आणि व्हायोलिनवाले सर मात्र पहिल्या रांगेत एकमेकांशेजारी. त्याच रांगेत प्राचार्य, मांडीवर प्रत, हातात तांबडी पेन्सिल.

पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी चार पानं उलटली. मग तीन मागं घेतली. मग एकदम पुढची दहा. विंगेतून मला त्यांचा हात दिसत होता. रंगमंचावरचं एकही वाक्य त्यांच्या मांडीवर नव्हतं.

आणि ते काय बोलत होते! मामाचा राजा बाकड्यावर असा बसला की बाकडं लहान दिसेना. त्याची मराठी मी लिहिलेल्या मराठीपेक्षा जड होती आणि तरी तोंडातून सहज सुटत होती, जणू तो घरी जेवताना असंच बोलतो. समोरून असुर आला की गावची बोली: पाववाल्या पदेरापासून बसच्या टपावरच्या प्रवासापर्यंत सगळं तिच्यात. राजा वरच्या भाषेत विचारतो, असुर खालून उत्तर देतो, आणि दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याचं कळत नाही असं होत नाही. मी हे लहानपणापासून बघत आले होते, पण त्या सकाळी पहिल्यांदा ऐकलं.

मग उजवीकडून घोषणा आली. कुणीतरी असुराच्या बोलण्यावर खूश होऊन कोंकणीचा जयजयकार केला. डावीकडून ताबडतोब मराठीचा. दोन्हीकडची मुलं उभी राहिली. प्राचार्य उठले आणि पडदेवाल्याकडे वळले. मी डोळे मिटले. मामाला मीच इथं आणलं होतं, आणि आता त्याचा राजा शिकलेल्यांच्या समोर पडद्याआड ढकलला जाणार होता.

"प्रधानजी!" मामाचा आवाज आला. "आमच्या नगरीत हा कोलाहल कसला?"

"महाराज," प्रधान लगेच म्हणाला, "दोन शूर पुरुष सिंहासन मागताहेत."

"मग त्यांना थांबवता का? घेऊन या!"

असुर रंगमंचावरून सरळ खाली उडी मारून गेला. उजवीकडे ज्यानं घोषणा दिली होती त्याचा हात धरला, डावीकडच्या आमच्या एका वक्त्याचा धरला, आणि दोघांना ओढत वर आणलं. "चलात रे, राज्य फुकट मेळता!" बाकड्यावर दोघांना शेजारी शेजारी बसवलं. मामानं आपला मुकुट काढून दोघांच्या मधोमध धरला आणि हात जोडून बाजूला उभा राहिला.

"बोला, महाराज," तो म्हणाला. "प्रजा ऐकते आहे."

पखवाज थांबला. आमचा वक्ता, ज्याच्यासाठी मी भाषणं लिहायचे, ओठ हलवत होता आणि आवाज येत नव्हता. दुसरा स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

असुर त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "आरे, खाली आसतना तर फटाके फुटतत तशे फुटत आसलास! राजान बोलूक जाय, बाबा. ओरडूक आमी आसंव."

सभागृहात असा हशा उसळला की मधली वाट दिसेनाशी झाली. त्या दोघांनाही हसू फुटलं. असुरानं त्यांना सन्मानानं खाली नेऊन बसवलं, मामानं मुकुट घातला आणि कथा जिथं थांबली होती तिथून पुढं गेली. प्राचार्य कधी खाली बसले ते मी पाहिलं नाही.

राजा वनात निघाला. माझ्या स्वगताची जागा आली. मामा एकही शब्द बोलला नाही. त्यानं मुकुट बाकड्यावर ठेवला, बाकड्यावरून हात फिरवला आणि चालू लागला. मंडळीच्या पेटीवाल्यानं एकच सूर धरून ठेवला. पहिल्या रांगेत व्हायोलिनवाले सर चष्मा पुसत होते.

खेळ संपल्यावर प्राचार्य रंगपटात आले. मंडळी उठून उभी राहिली. ते मामाला म्हणाले, "लहानपणी जत्रेत पाहिलं होतं. तेव्हा झोप लागायची. नाटक फार मोठं आहे तुमचं." नाटक हा शब्द त्यांनी सहज वापरला. मामानं तोंडावरच्या रंगातून माझ्याकडे एकदा बघून घेतलं.

मग प्राचार्यांनी प्रत माझ्यापुढं धरली. "यातलं काय झालं आज?"

"काही नाही, सर. हे त्यांचं नाहीच. मी लिहिलं."

"आणि राजाचं ते स्वगत?"

"ते आमचं पत्रक आहे."

त्यांनी प्रत मिटली. "यांना इथं पुन्हा बोलवायला प्रत लागणार नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही मला खोटी हमी दिलीत. उद्या चिटणीसपदाचा राजीनामा आणून द्या."

मी हो म्हटलं. वाद घातला नाही. मी दुसऱ्यांकडून सचोटी मागत मोठी झाले होते. माझ्याकडून कुणी ती मागितली, ते बरोबरच होतं. आजही बरोबर वाटतं. मराठीसाठी मी त्यानंतरही लिहिलं, अजून लिहिते, पण दुसऱ्याच्या राजाच्या तोंडी माझं वाक्य घालत नाही.

प्राचार्य गेल्यावर मामा खोबरेल तेलानं रंग उतरवायला बसला.

"स्वगत कशाला गाळलंस?" मी विचारलं.

"तुजां लिवणां बरां आसा गो. प्राचार्यान 'छान' लिवलां मगे!" पेटाऱ्यातली प्रत त्यानं कधी वाचली आणि प्राचार्यांच्या प्रतीतलं ते पेन्सिलीचं 'छान' कधी पाहिलं, कुणास ठाऊक. "पण राज्य गेल्लो माणूस भाषण करता काय? त्याच्या घशाक येता काय?"

मी तेलाची वाटी त्याच्याकडे सरकवली.

"तुका खरांच काडली?"

"उद्यापासून."

"मगे आमका फुडल्या वर्सा आपयतलो कोण?"

"प्राचार्यच बोलावतील. ऐकलंस ना?"

"तर मगे तुजी नोकरी गेली तरी चलता," तो म्हणाला आणि पोट धरून हसला. असुरानं पाठीमागून साथ दिली. मग मामानं घड्याळ बघितलं, घाईनं तोंड धुतलं, पेटारा बाकीच्यांवर सोपवला आणि स्टँडकडे पळाला. तुयेला तीनची पाळी होती.