समासातले आबा

नांदेडच्या रेडिओवर मी आठवड्यातून एकदा पुस्तकांविषयी बोलायची. पुस्तकांचं वेड घरातूनच आलेलं आणि बोलण्याची हौस उपजत, त्यामुळं पंधरा मिनिटं मला कधी पुरलीच नाहीत. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात उदगीरकडच्या एका खेड्यातून एका बाईचं कार्ड आलं. पत्त्यात जिल्हा उस्मानाबाद लिहून खोडलेलं, वर लातूर. लातूर जिल्हा वेगळा होऊन दहा वर्षं झाली, तरी हाताची जुनी सवय सुटली नव्हती. मजकूर एवढाच: 'बाई, दर हप्त्याला नुसता फोडणीचा वास देता. ताट कवा वाढता?'

झालं! माझा राग नाकाच्या शेंड्यावर. त्या भरात घरी हाताला लागलं ते पुस्तक कागदात गुंडाळलं आणि उदगीर गाडीच्या कंडक्टरकडं दिलं. गाडी सुटल्यावर भानावर आले. ते आबांचं पुस्तक होतं. माझे वडील वाचता वाचता समासात पेन्सिलीनं लिहायचे, लेखकाशी भांडल्यासारखं. ते गेल्यावर त्यांचं अक्षर तेवढ्या एका पुस्तकात उरलं होतं.

दीड महिना झाला. दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. शेवटी रजा काढून निघालेच. वाटभर मनातल्या मनात त्या बाईला काय काय सुनावलं, विचारू नका.

गावात टँकरची वाट बघत बायका लिंबाखाली बसल्या होत्या, घागरी रांगेत लावून. मधोमध एक तरणी बाई मोठ्यानं वाचत होती. हातात आबांचं पुस्तक. मी तोंड उघडणार तोच ती वाचून गेली, "सगळं खोटं. बाप असं बोलत नसतो. आधी जेवलीस का विचारतो." बायका खो खो हसल्या.

ती ओळ छापलेली नव्हती. आबांची होती. छापील आणि पेन्सिलीचं ती एका दमात वाचत होती.  सुनावायचं होतं ते कुठल्या कुठं गेलं.

मी कोण ते सांगितलं. "अगं बया, रेडिओतल्या बाई!" म्हणत त्यांनी जागा केली. कार्ड लिहिणारी ती वाचणारीच निघाली. पुस्तकाचं विचारलं तर म्हणाली, "रोज थोडं थोडं वाचायलोत. संपल्यावर धाडनारच हुतो. पन बाई, ह्यो पेन्सिलीतला माणूस कोण हाय? आमाला त्योच लई आवडतो. आत्ताच्या पानाम्होरं चाळून बघितलं, तर गप बसलाय. रुसला का काय?"

"माझे वडील," मी म्हणाले. "तिथवर वाचलं आणि वारले."

वाचणारीनं त्या पानात बोट घालून पुस्तक मिटलं. मग एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी पुढं काय झालं, त्येला ठावंच न्हाई?"

"मलाही नाही."

खरंच नव्हतं. रेडिओवर इतक्या पुस्तकांच्या गप्पा मारल्या, पण आबा थांबले त्याच्यापुढचं पान मी उलटलं नव्हतं. उलटलं तर ते मागं राहतील, अशी भीती वाटायची.

म्हातारीनं पुस्तक घेतलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "वाच बाय. त्येलाबी ऐकू दे."

माइकसमोर माझा आवाज कधी कापला नव्हता, तिथं कापला. टँकर येईस्तोवर अकरा पानं झाली.