सुहासिनीबाईंचं 'नको नको'

सुहासिनीबाई गोगट्यांच्या तोंडून 'हो' काढायचं तर तीनदा विचारावं लागतं. हा हट्ट नव्हे बरं, हे वळण. नाशकात त्यांच्या माहेरी शिस्तच तशी होती. कुणाकडे गेलं आणि लाडू पुढे आला की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा आला की 'अहो, खरंच नको' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा यजमानीण रुसायच्या बेतात आली की 'बरं, अर्धा द्या' म्हणून अख्खा खायचा. पहिल्याच फेरीत हात पुढे करणाऱ्या पोराची घरी आल्यावर आई अशी काही हजेरी घ्यायची की पुढच्या वेळी त्याला लाडू दिसला तरी घाम फुटावा.

हे वळण पदरात बांधून बाई लग्नानंतर लंडनच्या हॅरो भागात आल्या आणि तिथेच सगळं फिसकटलं. इंग्रज माणूस एकदाच विचारतो. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी लागली, तर पहिल्याच दिवशी जोन नावाच्या सहकारिणीने बिस्किटांचा डबा पुढे केला. बाई शिस्तीत म्हणाल्या, नो थँक यू. जोनने झाकण लावलं आणि डबा कपाटात गेला. बाई आपल्या वाट बघतायत, आता काढेल, मग काढेल. चहा गार झाला. काय कोरडी माणसं आहेत, आग्रह म्हणून कशाशी खातात ते ठाऊक नाही, असं त्यांनी त्या संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं आणि चार पोळ्या खाल्ल्या.

बिस्किटांपुरत्या त्या पुढे सुधारल्या. पण मोठ्या गोष्टींत वळण तसंच राहिलं, कारण मोठ्या गोष्टी विचारणारा होता नवरा. डॉक्टर पद्माकर गोगटे छातीच्या रोगांचे डॉक्टर, माणूस सज्जन, पाहुण्याने पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून श्रीखंड वाढणारा. पण बायकोला विचारायची वेळ आली की सोयीस्करपणे इंग्रज. "घर घ्यायचं ना हे?" एकदा. "गाडी निळी चालेल ना?" एकदा. बाईंचं ठरलेलं उत्तर, तुम्ही म्हणाल ते. की झालं, लागलीच सही. बाईंना निळा रंग आवडत नाही हे त्या निळ्या गाडीखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

कुत्र्याचं तर विचारूच नका. बाईंना लहानपणापासून कुत्र्यांचं वेड. पार्कात फिरायला गेल्या की टेडी, बिस्किट, ल्युना, मिस्टर पिकल्स अशी सगळ्यांची नावं त्यांना पाठ, मालकांची मात्र एकाचंही नाही. पण स्वतःचं कुत्रं हवं हे कधी स्पष्ट बोलल्या नाहीत. शेजाऱ्यांनी घेतलंय हं एक, गोड आहे नाही, एवढंच म्हणाल्या. डॉक्टरांनी केस, फुप्फुसं आणि दमा यांच्यावर एक व्याख्यान दिलं आणि विषय संपला.

तर आता दोघं रिटायर, मुलगी अनुया एडिनबराला डॉक्टर, आणि लग्नाला पन्नास वर्षं होणार म्हणून क्रूझचा बेत ठरला. साउदॅम्प्टनहून बोटीत बसायचं, थेट नॉर्वेच्या उत्तरेला, ऐन थंडीत, आकाशातले हिरवे दिवे बघायला. सोबतीला लीड्सचे जुने स्नेही, वरदा आणि शशिधर. बोट बंदराला लागली की एकेक दिवस उतरून सहल करायची, तिला म्हणायचं शोअर एक्स्कर्शन, आणि ती आधी निवडून ठेवावी लागते. नार्विक नावाच्या बंदरात निवड दोन गोष्टींतून होती. एक, डोंगर चढत बर्फातून जाणारी ट्रेन. दुसरी, हस्की कुत्र्यांची ढकलगाडी नव्हे हो, ओढगाडी. आठ कुत्री पुढे, मागे घसरगाडीवर घोंगडी पांघरून आपण.

माहितीपत्रकातलं ते चित्र बाईंनी पाहिलं आणि त्या पान उलटायच्या विसरल्या. एका कुत्र्याचा एक डोळा निळा, एक तपकिरी, आणि जीभ बाहेर. आपल्याकडेच बघतोय मेला, असं त्यांना वाटलं. निळा रंग त्यांना पहिल्यांदाच आवडला.

डॉक्टरांना मात्र ट्रेन. मेट्रोपॉलिटन लाइनच्या लोकलने ये-जा करण्यात जन्म घालवलेला माणूस, रिटायर झाल्यावर तरी सुटावा की नाही? पण नाही. स्टेशनजवळून जाताना अजून थांबून फास्ट आहे की स्लो ते बघतात. त्यांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, "ट्रेन ना आपण?" बाई म्हणाल्या, तुम्ही म्हणाल ते. लीड्सला फोन गेला, तिकडून वरदा म्हणाली, आमचं काय, तुम्ही जाल तिथे आम्ही. अशा रीतीने चार माणसं एकमुखाने ट्रेनमध्ये बसली.

हॅरोशेजारच्या पिनरच्या हाय स्ट्रीटवर एक ट्रॅव्हल एजंटचं दुकान आहे, तिथे लिंडा नावाची हसरी बाई बसते. बुकिंग तिच्याकडे. चौघांची ट्रेन टाइप करता करता लिंडा थांबली आणि म्हणाली, मिसेस गोगटे, तुम्ही त्या हस्कींच्या चित्राकडे बघताय मघापासून, तुम्हाला ते आवडेल का? अगदी देवासारखी विचारती झाली हो. आणि बाईंच्या तोंडून, पन्नास वर्षांच्या सवयीने, निघालं काय, तर "नो नो, ट्रेन इज फाइन." मग त्या दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत राहिल्या. लिंडाने बटण दाबलं. प्रिंटर घरघरला.

घरी आल्यावर भांडी जरा जास्तच वाजली. काय झालं, डॉक्टरांनी विचारलं. काही नाही, बाई म्हणाल्या. काही नाही म्हणजे काही नाही, असं समजून डॉक्टर टीव्हीकडे गेले. म्हणजे बघा.

अनुयाला फोन झाला. अनुयाचा जन्म इथला, तिची मराठी धावते खूप पण मध्येच ठेचकाळते. "आई, तुला तो कुत्र्यांचा ट्रिप पाहिजे तर बाबांना सांग ना. तू नो म्हणालीस तर लोकांना नो वाटणार." बाई म्हणाल्या, अगं सांगायचं काय त्यात, पन्नास वर्षं संसार केला त्या माणसाने, कळायला नको? अनुया म्हणाली, आई, बाबा एक्स-रे वाचतात, मन नाही. बाईंना राग आला, कारण ते खरं होतं.

मग बाईंनी आपल्या पद्धतीने मोहीम उघडली. सांगायचं नाही, पण त्याच्याच तोंडून काढायचं. पहिल्यांदा ट्रेनमध्ये दोष काढले. तिथे म्हणे बोगदे फार, काही दिसत नाही. डॉक्टरांनी बोगद्यांची माहिती काढली आणि इतके खूश झाले की दोन दिवस जेवताना दुसरा विषय नाही. मग गुडघ्यांची काळजी दाखवली. डॉक्टर म्हणाले, ट्रेनमध्ये बसूनच तर असतो, उलट बरंय. शेवटी बाईंनी हस्की कुत्र्यांचं कॅलेंडर आणून फ्रिजवर लावलं, बरोबर डोळ्यांसमोर. डॉक्टरांनी ते निरखून पाहिलं, छान आहे म्हणाले, आणि त्यावर दातांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट लिहिली. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

आणि मग एका सकाळी लिंडाचाच फोन आला. डॉक्टर बागेत पानं गोळा करत होते. लिंडा म्हणाली, हस्कींच्या गाडीत आता एकच जागा उरलीय, तुमचा चेहरा डोळ्यांसमोर आला म्हणून म्हटलं विचारावं, नक्की नको ना? आता सांगा, इंग्रज बाई, दुसऱ्यांदा विचारतेय. बाईंना गहिवरून आलं. काय माणुसकी. आणि त्या गहिवरात, अगदी माहेरच्या शिस्तीत, त्या दुसऱ्यांदा म्हणाल्या, "नो नो लिंडा, रिअली." तिसऱ्यांदा त्या हो म्हणणार होत्या. हो तोंडात अगदी तयार होता. लिंडाने हॅव अ लव्हली डे म्हणून फोन ठेवला.

बाई फोन हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आता तिसऱ्यांदा कोण विचारणार? ही लिंडा? तिला काय पडलंय? बाहेर नवरा वाळक्या पानांचा ढीग सरळ रेषेत लावत होता. त्याच्याकडे बघून बाईंच्या मनात आलं की हा माणूस काही वाईट नाही, आणि हा मला कधीच विचारणार नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. मी दूध आणते, असं खिडकीतून ओरडून त्यांनी कोट चढवला. फ्रिजमध्ये दूध भरपूर होतं.

पिनरच्या बसमध्ये त्या सगळा वेळ वाक्य घोकत होत्या. दुकानात लिंडासमोर कुणी आजोबा स्पेनची चौकशी करत होते, आणि बाईंना वाटलं, हा म्हातारा माझी कुत्री घेणार. त्या रांग मोडून पुढे गेल्या. इंग्लंडात राहून रांग मोडली! काउंटरवर हात ठेवून म्हणाल्या, लिंडा, मला कुत्री हवीत. आजोबा हादरून बाजूला झाले. लिंडाने विचारलं, आणि डॉक्टर गोगटे? बाई म्हणाल्या, ते ट्रेनने जातील, त्यांना सवय आहे.

हवं होतं ते मिळालं. पण आता घरी सांगायचं कसं? इतक्या वर्षांत नवऱ्याला न विचारता त्यांनी पडदासुद्धा बदलला नव्हता. आज सांगू, उद्या सांगू करता करता शनिवार उजाडला आणि लीड्सहून वरदा आणि शशिधर राहायला आले, थंडीच्या कपड्यांचं ठरवायला. जेवणं चालू होती. डॉक्टर ट्रेनच्या कुठल्या बाजूला बसलं की फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत घुसलेला समुद्र, दिसतो ते सगळ्यांना समजावत होते, चौघांसाठी चार खिडक्या त्यांनी मनाशी वाटूनही टाकल्या होत्या.

"माझी खिडकी धरू नका," सुहासिनीबाई म्हणाल्या. "मी ट्रेनने येत नाहीये. मी कुत्र्यांच्या गाडीने जाणार. बुकिंग केलंय."

शशिधरचा घास हातातच राहिला. डॉक्टरांनी हातातला आमटीचा डाव खाली ठेवला. मग म्हणाले, अगं पण मी तुला विचारलं होतं, आणि तू म्हणालीस तुम्ही म्हणाल ते. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट बारीक झाला होता.

"एकदा विचारलंत," बाई म्हणाल्या. "आता शशिधरभावजींना आमटी किती वेळा विचारलीत? परक्या माणसाला तीन-तीन वेळा विचारता. मला एकदाच."

 डॉक्टर कधी नव्हे ते खरोखर विचारात पडले. घर, गाडी, पडदे, सगळं डोळ्यांसमोरून जात असावं. त्यांनी हळूच विचारलं, "आणखी काय काय हवं होतं तुला?"

 सांगायला बसलं असतं तर आमटी आंबली असती. नवऱ्याचा उतरलेला चेहरा बघून त्यांना त्याची दयाही आली, आणि थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोला. त्या म्हणाल्या, राहू दे ते, आता बोटीवर निवांत सांगीन, एकेक करून. डॉक्टरांनी मान डोलावली. मग जरा अडखळत म्हणाले, एकटी जाशील ना नीट, थंडी असेल. हो, बाई म्हणाल्या. पहिल्याच फेरीत.

तेवढ्यात वरदाने पाण्याचा पेला खाली ठेवला.  ती म्हणाली की खरं सांगायचं तर तिलाही ती कुत्र्यांचीच गाडी फार आवडली होती, पण म्हटलं तुम्ही सगळे ट्रेन म्हणताय, आपण कशाला मोडता घाला. जागा आहे का अजून? नाही, बाई म्हणाल्या, शेवटची होती.

 वरदा ताटातल्या कोशिंबिरीकडे बघू लागली. आता रीत काय, ते टेबलावरच्या चौघांनाही ठाऊक होतं. आणि सुहासिनीबाई तर रीतीच्या पक्क्या. त्यांनी वरदाच्या डोळ्यांत डोळे घालून अगदी मनापासून विचारलं, "वरदा, तू जातेस का माझ्या जागी?"

"छे छे, नको गं," वरदा म्हणाली. तीही चांगल्या घरातली. "तूच जा."

"बरं," सुहासिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिच्या पानात भात वाढला.