शुक्रवारी उघडलेली पेटी

आमच्या गटात एक नियम होता, आणि तो मीच मुलींना घालून दिला होता. काही विचारायचं असेल तर चिठ्ठी लिहायची, नाव टाकायचं नाही, आणि समाजमंदिरातल्या पत्र्याच्या पेटीत टाकायची. शनिवारी सगळ्यांसमोर पेटी उघडून मी चिठ्ठ्या वाचायच्या, त्यावर बोलायचं, आणि सगळ्यांदेखत त्या जाळायच्या. कोणाची, हे कोणी विचारायचं नाही. मीसुद्धा नाही.

अड्याळजवळच्या आमच्या गावात संस्थेचा हा मुलींचा गट माझ्याकडे होता, आणि त्यांच्या आयांची महिन्याची सभाही माझ्याचकडे. दोन्हीकडचा विश्वास एकाच बाईवर. तेव्हा हे मला सोयीचं वाटायचं.

त्या दिवाळीत मी पेटी शुक्रवारीच उघडली. आधीच्या शनिवारी पाळीबद्दलची एक चिठ्ठी वाचताना पंचायतीचा एक मेंबर दारात उभा राहून ऐकून गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी दोन आया मला विचारायला आल्या होत्या की पोरींना हेच शिकवता का. म्हटलं, आता आधी आपण पाहून घ्यावं. निदान स्वतःला मी तसंच सांगितलं.

आत तीन चिठ्ठ्या होत्या. दोन चौकोनी घडीच्या. तिसरी बारीक गुंडाळलेली, दोन्ही तोंडं आत दाबलेली, लाल दोऱ्यानं बांधलेली, हुबेहूब बिडी. आमच्या गावात बिड्या वळणारं आता एकच घर उरलंय. त्या घरातली मुलगी दहावीला होती.

‘मंडईत माझी सोयरीक पक्की करणार आहेत. मला शिकायचं आहे. घरी समजू न देता कोणाला सांगू?’

दिवाळीनंतर महिना-दीड महिना आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. घरोघरी पाहुणे येतात, दुकानं लागतात, नाटक होतं, आणि त्या गर्दीत मुलीही दाखवल्या जातात. हे मला माहीत होतं. ‘घरी समजू न देता’ हे शब्दही मी दोनदा वाचले होते. तरी त्याच संध्याकाळी मी तिच्या आईकडे गेले, चिठ्ठीतलं सांगून सोयरीक थांबवायला.

ती गावनात्यानं माझी जाऊ. एका बांधीत आम्ही धानाची रोवणी केलेली. माझं ऐकेल असं मला वाटलं, आणि तिनं ऐकलंही. हातातली बिडीची पानं खाली न ठेवता शांतपणे ऐकलं, मग चहा केला. मुलगा वरठीला कामाला जातो, घरी धानाची शेती आहे, असं स्थळ पुन्हा कुठून येणार, एवढंच म्हणाली. मी उठले तेव्हा दारापर्यंत आली.

“बरं झालं तुमी सांगतलं. पोरगी मनात काय घेऊन फिरून राहिली, आमाले का मालूम?”

मला वाटलं, आपण काम केलं.

शनिवारी मी दोनच चिठ्ठ्या वाचल्या. मुलगी समोरच बसली होती. मी पेटीचं झाकण लावलं तशी तिनं आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. मी पुढचा विषय काढला.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. मोहाडीकडे मामाच्या गावी पाठवली, असं घरचे म्हणाले. मग बायकांच्या बोलण्यातून कळलं, आता आमच्या गावच्या मंडईपर्यंतही थांबायचं नाही, तुळशीचं लग्न झालं की मामाकडेच तिचं लग्न उरकायचं.

फोन कुठे करायचा ते मला पाठ होतं. हेल्पलाइनचा कागद समाजमंदिराच्या भिंतीला मीच चिकटवला होता. बालविवाह थांबवणं ग्रामसेवकाचं काम आहे, हे सभेत मीच समजावून सांगायची. तरी नऊ दिवस मी कोणालाही काही बोलले नाही. लोक आपापल्या मुली गटातून काढतील, संस्था गाव सोडेल, अशी कारणं मी जमवत होते. खरं कारण एकच. तुम्हाला कसं कळलं, असं कोणी विचारलं असतं.

त्या नऊ दिवसांत फोन वाजला की उचलण्याआधी मी नाव पाहायची. लांब कुठे बँड वाजला तर हातातलं काम थांबायचं. नवऱ्यानं विचारलं, काहून गप्प गप्प राहून राहिली? म्हटलं, पित्त झालंय.

दहाव्या दिवशी मामाच्या दारात मांडवाचे बांबू आल्याचं ऐकलं आणि मी संस्थेच्या वरच्या ताईंना फोन केला. सगळं सांगितलं, चिठ्ठीचं सोडून. त्यांनी तासाभरात ग्रामसेवक, अंगणवाडीच्या बाई आणि पोलीस यांना गाठलं. संध्याकाळी निरोप आला. हळद अजून लागायची होती. अठराच्या आत लग्न करणार नाही असं बापानं लिहून दिलं, आणि मुलगी परत आली.

आई मला अड्याळच्या बाजारात भेटली. भोवती परगावच्या चार बायका होत्या.

“पोरीचं तुमी मले सांगतलं, अन माहं सायबाले. तुमच्या पेटीले तोंडं किती हायेत, बाई?”

भाजीवाली हसली. मी वांगी निवडत राहिले.

माझं नाव मात्र आईनं मुलीला सांगितलं नाही; का, ते मला आजही ठाऊक नाही. त्यामुळे झालं असं की, हे घरी कोणी फोडलं या विचारानं गटातल्या मुली एकमेकींकडे संशयानं पाहू लागल्या. जोडीनं येणाऱ्या वेगवेगळ्या येऊ लागल्या. परत आलेली ती मुलगी कोपऱ्यात बसायची. शिमग्यापर्यंत पेटीत एकही चिठ्ठी पडली नाही, आणि मी दर शनिवारी ती रिकामी पेटी सगळ्यांसमोर उघडत राहिले.

शेवटी एका शनिवारी बोलले. एक चिठ्ठी मी आदल्या दिवशीच उघडली होती, ओळखली होती, आणि तिच्या घरी जाऊन सांगितली होती. तुमच्यातल्या कोणीच काही फोडलं नाही.

मग कोपऱ्यातून तीच बोलली, माझ्याकडे न पाहता.

“मले वाटलं, चिठ्ठी कोनंतरी काढून घेतली. तुमाले मालूमच नाही, म्हनून तुमी येऊन नाही राहिल्या. मामाच्या घरी मी रोज मनात हेच म्हनत होती.”

भीती वाटली होती एवढंच म्हणाले. तिनं मान हलवली.

“आता पेटी आमी उघडू. तुमी बाहेर बसा. बलावलं तं या.”

तेव्हापासून मी शनिवारी पायरीवर बसते. कधी बोलावतात, कधी नाही. मागच्या शनिवारी आतून कागद जळाल्याचा वास आला, बराच वेळ कुजबुज चालली, आणि मला कोणीच बोलावलं नाही. बाहेर आल्यावर मुली नेहमीसारख्या निघून गेल्या. मी विचारलं नाही. घरी जाताना मात्र दोन्ही बाजूंची दारं बघत गेले. कोणाच्या अंगणात पाहुण्यांच्या चपला दिसतात का.